दुपारी उतरणारं सोनं

सराफकाकांनी पेढ्यांच्या खोक्याची छापलेली शीट काउंटरवरून उचलली, दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन उन्हात धरली, सोनेरी पट्ट्यावर अंगठा घासला आणि मग शीटकडे न बघता अंगठ्याकडे बघितलं.

"ताई, रंग सुटतोय. आणि हे सोनं नाही, माळ्यावरचं जुनं पितळ आहे. चिंच मागवू का घासायला?"

माझ्या पिशवीत त्याच गठ्ठ्यातल्या आणखी अकरा शीट होत्या. सकाळी साडेसहाला निघालेली एक शीटही होती, ती मी मुद्दाम वर काढली नव्हती. काकांनी पिशवीतून बाहेर आलेला तिचा कोपरा पाहिला आणि स्वतःच ओढून काढली. दोन्ही शेजारी ठेवल्या. "ही चालेल. ही कुठल्या मशीनवरची?"

त्याच मशीनवरची, त्याच दिवशीची, त्याच बादलीतल्या शाईची. फरक सात तासांचा होता. त्या सात तासांत काय झालं, त्याचं हे प्रकरण.

खोकं आणि त्याची अट

मी जळगाव एमआयडीसीतल्या एका छपाई कारखान्यात गुणवत्ता तपासणी बघते. आमच्याकडे चार रंगांचं जुनं ऑफसेट मशीन आहे आणि त्याच्या शेवटाला कोटर आहे, म्हणजे छापलेल्या शीटवर संरक्षक थर चढवणारं युनिट. मुख्यतः खोकी छापतो: मिठाई, वेफर्स, मसाले, बियाणं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया खानदेशात दोन गोष्टींची: माहेरी आलेल्या लेकींची आणि सोन्याची. त्या दिवशी गुंजभर तरी सोनं घ्यायचं, आणि घेणाऱ्याच्या हातात दुकानदारानं पेढ्यांचं छोटं खोकं द्यायचं. सराफ बाजारातल्या सहा दुकानांनी मिळून त्या वर्षी एकच खोकं काढायचं ठरवलं. नक्षी एक, नाव तेवढं प्रत्येकाचं वेगळं. कुंकवाच्या रंगाची जमीन, भोवती कोयऱ्यांची रुंद सोनेरी किनार, झाकणावर सोनेरी कमळ. बोर्ड ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) एफबीबी, म्हणजे घडीच्या खोक्यांचा पुठ्ठा, एका शीटमध्ये चार खोकी, एकूण १८,००० शीट.

आधी ही खोकी मेटपेटवर होत, म्हणजे बोर्डावर चिकटवलेल्या धातू चढवलेल्या पॉलिस्टर फिल्मवर. चकाकी आरशासारखी, पण प्लास्टिक ते प्लास्टिकच. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर देशभर बंदी आली, त्यात मिठाईच्या खोक्यावर गुंडाळायची फिल्म होती. मेटपेट बोर्ड त्या यादीत नाही. पण काकांच्या नातीनं घरी विचारलं, "आजोबा, मग आपलं खोकं?" आणि अट ठरली: फिल्म नको, चकाकी मात्र हवी. नातींच्या प्रश्नांमुळे आमच्या धंद्यात जेवढे बदल झालेत, तेवढे सरकारी आदेशांनी झाले असतील असं मला वाटत नाही.

पहिला डाव फसला तो असा

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे चौथ्या युनिटमध्ये तेलातली सोनेरी शाई घालायची आणि वरून कोटरमधून पाण्यातलं पारदर्शक कोटिंग द्यायचं. आम्ही ५०० शीटची चाचणी काढली. निघाली तेव्हा बरी होती. बरी म्हणजे लग्नपत्रिकेइतकी. पाचव्या दिवशी गठ्ठा उघडला तर किनार चहाच्या रंगाची झालेली.

सोनेरी शाईत सोनं नसतं हे सगळ्यांना माहीत असतं. काय असतं, हे मात्र छापणाऱ्यांनाही नीट माहीत नसतं. त्यात तांबं आणि जस्त यांच्या मिश्रधातूचे, म्हणजे पितळेचेच, सपाट पापुद्रे असतात. धंद्यात त्याला ब्राँझ म्हणतात. तांबं ९० आणि जस्त १० असलं तर छटा लालसर येते, ८५ ला १५ असलं तर मधली, ७० ला ३० असलं तर हिरवट पिवळी. मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "म्हणजे तुमच्यातही बट्टा आहे."

आता तांब्याचा आणि अमोनियाचा संबंध. पाण्यातल्या कोटिंगमधलं ॲक्रिलिक रेझिन, म्हणजे थर धरून ठेवणारा घटक, पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून त्यात अमोनिया किंवा त्याच्याच जातीचं अमाइन घातलेलं असतं. बीएस्सीला तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात अमोनिया टाकला की गडद निळा रंग यायचा, परीक्षकही खूश व्हायचे. तोच अमोनिया ओल्या कोटिंगमधून खाली उतरून पितळेच्या पापुद्र्यांना भिडला की पापुद्रे काळवंडतात. शीट गठ्ठ्यात दाबलेल्या असल्या की वाफ बाहेर पडायला जागा नसते, म्हणून गठ्ठ्याच्या मधल्या शीट जास्त बिघडलेल्या.

खात्रीसाठी मी लोणच्याच्या दोन बरण्या घेतल्या. एकीत कापसाच्या बोळ्यावर अमोनियाचे चार थेंब, दुसरीत नुसता ओला बोळा. दोन्हीत कोटिंग न केलेल्या सोनेरी शीटच्या पट्ट्या टांगल्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या बरणीतली पट्टी तपकिरी, दुसरीतली जशीच्या तशी. तेवढ्यावर तो डाव मोडला.

खरं सांगायचं तर काळवंडली नसती तरी ती शाई काकांच्या पसंतीस उतरली नसती. ऑफसेटमध्ये कागदावर बसणारा शाईचा थर साधारण एक मायक्रॉनचा. त्यात मावायचं म्हणून पापुद्रे बारीक करावे लागतात, आणि पापुद्रा जितका बारीक तितक्या त्याच्या कडा जास्त. कडांवरून उजेड सगळीकडे विखुरतो, परत डोळ्यात येत नाही. मोठा, सपाट पापुद्रा कागदावर फरशीसारखा पडला तर चकाकतो.

कोटरमधून

आमच्या बोलण्यात 'पाण्यातली सोनेरी ऑफसेट शाई' असा शब्दप्रयोग सर्रास येतो. तो नीट समजून घ्यायला हवा, नाहीतर माणूस भलत्या युनिटमध्ये बादली ओततो. ऑफसेटचं सगळं गणित तेल आणि पाणी यांच्या वैरावर उभं आहे. १८ व्या शतकाच्या अखेरीस झेनेफेल्डरनं दगडावर जे ओळखलं, तेच आज ॲल्युमिनियमच्या प्लेटवर चालतं: चित्राचा भाग तेल धरतो, कोरा भाग पाणी. त्या प्लेटला पाण्यातली शाई दिली तर ती कोऱ्या भागावरही जाईल. म्हणून ही शाई रंगांच्या युनिटमध्ये जातच नाही, ती शेवटच्या कोटरमधून जाते. तिथे प्लेट ओली ठेवणारं फाउंटनचं पाणी नाही, ऑफसेटची प्लेट नाही. बारीक खड्ड्यांचा ॲनिलॉक्स रोलर, त्यावर जादा शाई खरवडणारं डॉक्टर ब्लेड, पुढे फोटोपॉलिमरची उठावदार प्लेट. म्हणजे ऑफसेटच्या शेपटीला जोडलेलं छोटं फ्लेक्सोच, रबरी शिक्क्यासारखी उठावाची छपाई.

फायदा थराचा. आमच्या ॲनिलॉक्सच्या खड्ड्यांत दर चौरस मीटरला १३ घन सेंटीमीटर शाई मावते. त्यातली सगळी कागदावर उतरत नाही, तरी रंगाच्या युनिटच्या कितीतरी पट जाते. त्यामुळे मोठे पापुद्रे चालतात. तोटा हा की कोटर सोनेरी शाईत अडकला, वरून संरक्षक कोटिंग त्याच फेरीत देता येत नाही. सोनं उघडं राहणार, आणि घासलं तरी टिकायचं काम शाईतल्या रेझिननंच करायचं.

आणि अमोनियाचं काय, हा प्रश्न इथेही येतोच. पितळ थेट पाण्यातल्या अल्कधर्मी माध्यमात बसलेलं. म्हणून अशा शाईसाठी पापुद्र्यांवर आधीच सिलिकाचं किंवा तत्सम पातळ कवच चढवतात. कवच म्हणजे चिलखत नव्हे, रेनकोट समजा.

आमचे मशीनमन नाना साठीला टेकलेले, अमळनेरकडचे. तरुणपणी त्यांनी लग्नपत्रिकांवर हातानं सोनेरी भुकटी मारलीय: आधी चिकट वॉर्निश छापायचं, ते ओलं असतानाच कापसानं पितळेची भुकटी फिरवायची, मग झटकायची. "संध्याकाळी नाक शिंकरलं तर रुमालात सोनं," असं ते सांगतात. बादलीतलं तयार सोनं बघून ते खूश होते.

पहिला दिवस सकाळी सहाला सुरू झाला. पहिल्या दोन दुकानांच्या ६,००० शीट अप्रतिम निघाल्या. तिसऱ्या नावाच्या मध्यापासून चमक उतरू लागली. दुपारच्या जेवणानंतर कोयरीच्या पोटात ठिपके, कडेला चिकट रेघ, आणि रंग मातकट. नाना माझ्याकडे आले.

"दुपारले सोनं कायं पडी जास, ताई." म्हणजे दुपारी सोनं काळं पडतं.

तिसरं नाव काकांच्या दुकानाचं होतं. नशीब म्हणतात ते हेच.

जेवणाची सुट्टी

बिघाड झाला की कारखान्यात पहिला आरोपी ठरतो तो गैरहजर माणूस. मालकांनी शाईवाल्याला फोन केला: तुमचा लॉट खराब. शाईवाल्यानं बोर्डावर ढकललं. बोर्डवाल्याचा फोन लागला नाही, म्हणून काही काळ सगळ्यांचं बोर्डावर एकमत झालं. पण सकाळची शीट आणि दुपारची शीट एकाच लॉटची, एकाच गठ्ठ्यातल्या बोर्डाची. माझ्या मते त्यामुळे दोघंही सुटत होते.

नानांना विचारलं, दुपारी काय केलं?

"जाड हुई गयी ना शाई, मंग पानी टाकं."

कोटिंग जाड झालं की पाणी टाकायचं, तळाला भोक असलेल्या बी-फोर कपातून किती सेकंदांत गळतं ते बघायचं, २७-२८ सेकंद आले की मशीन सुरू. ही त्यांची वीस वर्षांची सवय, आणि साध्या कोटिंगला ती चालूनही जाते. कपावर सेकंद बरोबर आले होते, त्यामुळे त्यांच्या हिशेबानं शाई बरोबर होती.

दुसऱ्या दिवशी मी मशीनवर कागद न चढवता तोच दिवस पुन्हा चालवला. उरलेली ताजी बादली लावली, पंप सुरू, शाई कोटरमधून फिरते आणि नळीनं परत बादलीत. दर अर्ध्या तासाला पीएच (शाई किती अल्कधर्मी आहे त्याचं माप) आणि सेकंद लिहीत गेले. सकाळी साडेसहाला पीएच ८.६, सेकंद २७. दहाला ८.४ आणि ३०. सव्वाबाराला ८.१ आणि ३६. इथपर्यंत उतार होता, पण सावकाश. मग जेवणाची सुट्टी. आदल्या दिवशी जे जसं होतं ते तसंच ठेवलं. सव्वाएकला पीएच ७.६, सेकंद ४९.

एका तासात एवढं? बादलीपाशी जाऊन उभी राहिले तेव्हा डोळे झोंबले आणि केस उडाले. नानांचा उभा पंखा. एप्रिलमध्ये जळगावात दुपारी पारा ४३ च्या वर, पत्र्याच्या शेडखाली तो आणखी चढतो, आणि हवा इतकी कोरडी की ओलं फडकं दहा मिनिटांत कडक होतं. नाना कोटरपाशी उभे असले की पंखा त्यांच्या पाठीवर. ते जेवायला गेले की मधला आडोसा गेला, आणि पंख्याचा झोत सरळ उघड्या बादलीवर. शाई थांबवायची नसते, थांबली तर ॲनिलॉक्सच्या खड्ड्यांत वाळते, म्हणून पंप चालू. म्हणजे तासभर शाई उन्हाळी वाऱ्यात फिरत राहिली, जणू कोणी तिला वाळत घातलंय.

शिवाय नावं बदलायची. दर नावाला काळ्या रंगाची प्लेट बदलायची, जुळणी करायची, चाळीस-पन्नास शीट वाया घालवायच्या. दर वेळी पाऊण तास. तेवढा वेळही शाई फिरतच होती.

उडून काय जात होतं, हा खरा मुद्दा. नानांना वाटलं पाणी, म्हणून त्यांनी पाणी परत दिलं. पाणी उडत होतंच, पण त्याबरोबर अमोनियाही उडत होता. अमोनिया गेला की पीएच उतरतो, पीएच उतरला की रेझिन पाण्यात नीट विरघळलेलं राहत नाही, गोळा होऊ लागतं, आणि शाई जाड होते. जाडी दोन कारणांनी आली होती, औषध एकाचंच दिलं. पाणी टाकल्यावर सेकंद २८ वर आले, पीएच मात्र ७.६ वरच. कप खूश, शाई आजारीच. वर पापुद्रे आणि रेझिन दोन्ही पातळ झाले. म्हणून चमक गेली आणि म्हणूनच काकांच्या अंगठ्याला रंग लागला: पापुद्र्यांना धरून ठेवणारं रेझिनच अपुरं पडलं. कडेची चिकट रेघ आणि ठिपके हे ॲनिलॉक्सच्या खड्ड्यांत वाळून बसलेल्या शाईचे.

टाकलेलं पाणी बोअरचं होतं, हेही नोंदवायला हवं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो. त्यातलं कॅल्शियम रेझिनमधल्या आम्लगटांना धरतं आणि गोळे व्हायला हातभार लावतं.

अमाइनचा थेंब

मग पीएच वाढवला की झालं, असं मालकांना वाटलं. शाईवाल्यानं अमाइनच्या द्रावणाची बाटली पाठवली होतीच. नानांनी झाकणभर ओतायची तयारीही केली.

इथे मी अडून बसले. ज्या अमोनियानं पहिल्या डावात सोनं काळं केलं, त्याचाच हा भाऊबंद. कमी पडला तर रेझिन गोळा होतं, जास्त झाला तर पितळ मरतं. मधे जी जागा आहे ती शाईच्या पत्रकात छापलेली होती: पीएच ८.२ ते ८.८. पत्रक पहिल्या दिवसापासून ऑफिसच्या फायलीत होतं. इंग्रजीत होतं, आणि मशीनपासून तीस पावलं लांब.

बिघडलेल्या शाईचे तीन मग भरले. पहिल्यात काहीच नाही. दुसऱ्यात अमाइन ड्रॉपरनं, थेंबाथेंबानं, लाकडी पट्टीनं सावकाश ढवळत, पीएच ८.५ येईपर्यंत. तिसऱ्यात नानांचं झाकण. तिन्हींतून बोर्डाच्या तुकड्यांवर तारेच्या दांडीनं थर ओढले. पहिला मातकट. दुसरा सकाळच्या शीटच्या जवळ आला, अगदी तसा नाही. तिसरा ओढला तेव्हा तिघांत उत्तम दिसत होता आणि नानांनी माझ्याकडे विजयानं पाहिलं. तो मग झाकून ठेवला. दोन दिवसांनी पुन्हा थर ओढला, तर हिरवट. नाना काही बोलले नाहीत, ड्रॉपर मात्र त्यांनी खिशात ठेवला.

ढवळण्याबद्दल थोडं. पितळ पाण्याच्या आठ-साडेआठ पट जड. बादली नुसती ठेवली की पापुद्रे तळाला बसतात आणि वरची शाई फिकट चालते. म्हणून ढवळत राहावं लागतं. पण ड्रिलला पाते लावून जोरात घुसळलं की पापुद्रे वाकतात, तुटतात, कवचाला तडे जातात, वर फेस येतो तो वेगळा. आमच्याकडे घुसळायचं ड्रिल होतं. ते कपाटात गेलं.

फुगलेली बादली

या प्रकरणाच्या मधेच एक उपप्रकरण झालं. शाईवाल्यानं दुसरा पर्याय म्हणून ॲल्युमिनियमवर आधारलेलं सोनेरी पाठवलं होतं: चांदीसारख्या पापुद्र्यांत पारदर्शक पिवळा-नारिंगी रंग. त्यात तांबं नाही, म्हणून काळं पडायची भीती नाही. चाचणी झाली, आणि उरलेली शाई हेल्पर पोरानं बोअरच्या पाण्यानं भांडं विसळून त्या धुवणासकट मूळ बादलीत ओतली, झाकण घट्ट लावलं, बादली शेडच्या टोकाला पत्र्याखाली ठेवली.

चार दिवसांनी झाकण पुरीसारखं टम्म. पोरगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन निघाला, मागून एकजण बिडी ओढत बघायला. मी ओरडले ते अजून शेडमध्ये सांगितलं जातं. ॲल्युमिनियम आणि पाणी यांची प्रतिक्रिया झाली की हायड्रोजन सुटतो. पापुद्र्यावर चांगलं कवच असेल तर ती थोपलेली असते. अल्कली, घाण किंवा उष्णता मिळाली की सुरू होते. आमच्या बादलीला तिन्ही मिळालं होतं. बिडी विझवली, बादली सावलीत उघड्यावर नेली, झाकणाची कड लांबून थोडी उचलली. फुस्स झालं आणि संपलं. अशा शाईच्या झाकणाला हवा जायला छिद्र असतं. पोरानं सांडू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली होती. वापरलेली शाई मूळ बादलीत परत ओतायची नाही, हा नियम त्या दिवशी खडूनं भिंतीवर लिहिला गेला.

ही ॲल्युमिनियमची शीटही काकांना दाखवली. मला ती निर्धोक वाटत होती आणि त्यांनी हो म्हणावं अशी इच्छा होती. त्यांनी दोन्ही शीट पायरीवर नेल्या, तिरक्या केल्या, सरळ केल्या. "रंग बरोबर आहे. वजन नाही." म्हणजे काय ते त्यांना सांगता आलं नाही. मला नंतर कळलं असं वाटतं: पितळेचा पापुद्रा स्वतःच पिवळा असतो, त्याच्या सावलीतही पिवळेपण राहतं. रंगवलेलं ॲल्युमिनियम तिरकं धरलं की राखाडी डोकावतं. चाळीस वर्षं सोनं पारखलेल्या डोळ्याला तेवढं पुरतं. पितळच ठरलं, ८५ ला १५ चं.

दोन रात्री

बदल मोठे नव्हते. पंखा नानांच्या पुढून लावला, बादलीकडे पाठ. बादलीवर प्लायवूडचं झाकण, नळ्यांपुरती दोन भोकं आणि ढवळणीच्या दांड्याला एक. २० किलोची बादली एकदम लावायची नाही. पाच किलोच्या भांड्यात घ्यायची आणि निम्मी झाली की ताजी शाई घालून भरायची. ताजी शाई आपला अमोनिया आणि आपलं रेझिन बरोबर घेऊन येते, त्यामुळे दुरुस्तीची वेळच कमी येते. पाणी लागलंच तर बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी, तेही शंभराला दोन भागांपर्यंत. दर वीस मिनिटांनी पीएच आधी, सेकंद नंतर. हा क्रम मी मुद्दाम ठरवला, कारण सेकंद आधी बघितले की माणूस तिथेच थांबतो.

नावांचा प्रश्न नानांनी सोडवला, आणि या प्रकरणातली सगळ्यात चांगली युक्ती तीच. "नाव मागून टाकू ना ताई, लहान मशीनवर." सगळ्या शीट नावाशिवाय एका दमात छापायच्या, नावं एकरंगी मशीनवर दुसऱ्या फेरीत. नाव कोऱ्या चौकटीत होतं, सोन्यावर नव्हतं, त्यामुळे अडचण नव्हती. दर नावाला थांबायचं एकदम टळलं. मी दोन दिवस पीएच मोजत होते आणि हे मला सुचलं नव्हतं.

पाळी रात्री दहाची लावली. शेडला वाळ्याचा मोठा कूलर लावला, तो माणसांसाठी कमी आणि बोर्डासाठी जास्त: कोरड्या हवेत बोर्ड ओलावा सोडतो, वाकतो आणि मशीनमध्ये शीट सोडणाऱ्या फीडरवर अडतो. वाळवण्याच्या दिव्यांबद्दल अंदाज चुकला होता. धातूचा थर इन्फ्रारेड परत फेकतो, म्हणून नुसते दिवे वाढवून उपयोग होईना. गरम हवेचा झोत वाढवला आणि वेग ताशी ४,००० वर आणला तेव्हा गठ्ठा चिकटायचा थांबला.

एक चूक पहिल्या दिवसाच्या शीटमधूनच कळली होती. पेस्टिंगच्या पट्टीवरही सोनेरी आलं होतं आणि तिथे गोंद धरत नव्हता. खोकं बोटानं उघडत होतं. नवी प्लेट बाहेरून येईपर्यंत दिवस गेले असते. नानांनी फोटोपॉलिमरवरचा तेवढा भाग कटरनं सोलून काढला.

पेढ्याचा आणि शाईचा संबंध येऊ द्यायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते. खाद्यपदार्थांच्या वेष्टनाच्या २०१८ च्या नियमांत छपाईची शाई आयएस १५४९५ या भारतीय मानकानुसार असावी असं आहे. शाईवाल्याकडून तसं लेखी घेतलं, सोनेरी फक्त बाहेरच्या बाजूला ठेवलं, आणि आत बटर पेपर.

पहिल्या दिवसाच्या ६,००० चांगल्या शीट ठेवल्या, पण त्यांच्यावर दोनच दुकानांची नावं होती. तिसऱ्या-चौथ्या नावाच्या बिघडलेल्या शीट बाजूला काढल्या, तो तोटा कारखान्यानं सोसला. उरलेल्या १२,००० शीट दोन रात्रींत निघाल्या. पहिल्या रात्रीचा पीएच ८.३ आणि ८.६ च्या मधे राहिला, अमाइन दोनदाच लागलं. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला एकदा ८.१ झाला. नानांनी मला न उठवता सहा थेंब घातले, वहीत "६ टिपका" असं लिहिलं आणि पुढे वेळ टाकली.

आखाजीच्या चार दिवस आधी खोकी पोचली. काकांनी अंगठा घासला, अंगठ्याकडे बघितलं, आणि मुलाला बिल काढायला सांगितलं.

बिघडलेल्या शीट रद्दीवाल्याला दिल्या. मेटपेटच्या कतरणी तो वर्षानुवर्षं नाकारायचा. या त्यानं उलटसुलट करून बघितल्या, एक कोपरा फाडला, फिल्म नाही याची खात्री केली आणि साध्या बोर्डाच्या भावानं तोलून घेतल्या. जाताना एक शीट काढून घेतली, मुलीच्या पुस्तकांना कव्हर घालायला. तिसऱ्या नावाची होती. मी त्याला सांगितलं, रंग हाताला लागतो. म्हणाला, "लागू दे."